सायकलीचे कुलूप

नवी गिअरची सायकल घेतली तेव्हा दुकानदाराने हवा भरून दिली, घंटी बसवून दिली आणि मग सहज विचारले, "कुलूप कोणते देऊ?" पुण्यात सायकलवर शाळा-कॉलेज केलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्नच नवा होता, कारण आमच्या वेळी मागच्या चाकावर बसवलेले ते अर्धगोल कुलूप सोडून दुसरे कोणते मनातही येत नसे. दांडी खाली ओढली की सळई खट्टकन आऱ्यांमधून आरपार जाई आणि आपण निर्धास्त होऊन वर्गात जात असू. त्या निर्धास्तपणाचा अर्थ मला एकदा किल्ली हरवली तेव्हा कळला. कॅरिअर धरून, मागचे चाक उचलून, मी स्वतःची कुलूपबंद सायकल भर दुपारी लक्ष्मी रस्त्यावरून दुकानापर्यंत नेली आणि वाटेत एकानेही "ही कोणाची?" असे विचारले नाही.

दुकानदाराने प्रथम आकड्यांचे कुलूप पुढे केले. चार चकत्यांच्या दहा हजार जुळण्या होतात, हे खरे. पण घाईत मी शेवटचीच चकती एक घर फिरवून निघणार, हे मला स्वतःविषयी ठाऊक आहे, आणि मग चोराला फार तर दहा प्रयत्न पुरतात. शिवाय प्लॅस्टिकच्या जाड वेष्टनाखाली तारांचा जो दोर असतो, तो बऱ्यापैकी कटरला दाद देत नाही असे नाही.

मग इंग्रजी यू अक्षरासारखे पोलादी कुलूप आले. ते मोठे घेण्याचा मोह होतो. पण आतली पोकळी जितकी कमी, तितकी पहार किंवा जॅक घालायला जागा कमी, म्हणून लहानच चांगले. अर्थात पोलादाचाही गर्व नको. २००४ साली अमेरिकेत, गोल नळीसारख्या किल्लीची अशी महागडी कुलपे साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात, असे उघड झाले होते. माझी अडचण मात्र वेगळीच होती. हे कुलूप अडकवायचे कशाला? आमच्या गल्लीतला विजेचा खांब त्यात मावत नाही, आणि गुलमोहर तर नाहीच नाही.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि तिथे मागच्या चाकाला तेच आपले अर्धगोल कुलूप व जोडीला जाड साखळी, असा सर्रास रिवाज आहे. तो मला पटला. दुकानदाराने माळ्यावरून धूळ बसलेले एक कुलूप काढलेसुद्धा, पण माझ्या जाड टायरवरून ते काही बसेना. अखेर एकटी साखळी घेतली. गुलमोहराला वेढा घालून वर बोटभर उरेल एवढी. तिचे वजन जवळजवळ दोन किलो भरते. सायकल हलकी मिळावी म्हणून मी ॲल्युमिनिअमच्या फ्रेमचे जादा पैसे मोजले होते.