जोडी जमवून बसवलेली पिन

भोसरीतील एका लहान कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो. गेल्या पावसाळ्यात 500 असेंब्लींचा लॉट पाठवणीसाठी तयार असताना आमचे ज्येष्ठ फिटर काका सहज म्हणाले, "साहेब, पिना सगळ्या बसल्या, फक्त जोडी जमवून घ्यावी लागली." म्हणजे कोणतीही पिन कोणत्याही भोकात बसत नव्हती; प्रत्येक भोकासाठी जुळणारी पिन शोधावी लागली होती. हे ऐकताच मी चलनावर सही करायचा थांबलो.

हेन्री लेलँड या अमेरिकी अभियंत्याचे सारे भांडण याच जोडी जमवण्याशी होते. यादवी युद्धाच्या काळात स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात आणि पुढे ब्राऊन अँड शार्पमध्ये त्याचा हात अचूक मोजमापावर बसला होता. हेन्री फोर्ड सोडून गेलेली डेट्रॉइटची कंपनी 1902 मध्ये मोडीत निघत होती; तिची किंमत ठरवायला बोलावलेल्या लेलँडने ती मोडू नका असे भागीदारांना पटवले आणि त्यातूनच कॅडिलॅक उभी राहिली. 1908 मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलंड्स येथे रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली तिच्या तीन गाड्या पूर्ण सुट्या करण्यात आल्या. प्रत्येकीचे 721 भाग एकमेकांत मिसळले, त्यांतील 89 बाजूला काढून त्यांच्या जागी साठ्यातले सुटे भाग घेतले, आणि केवळ पाने व स्क्रू-ड्रायव्हर वापरून जोडलेल्या तिन्ही गाड्या 500 मैल धावल्या. गेज म्हणजे माप तपासायची साधने आणि हत्यारे यांवर आधीच पैसा घालायचा, फिटरच्या कानशीवर विसंबायचे नाही, हा निर्णय मालकाच्या हातातला असतो. लेलँडपाशी अभियंत्याची नजर आणि तो अधिकार दोन्ही होते, हेच मला त्याचे खरे मोठेपण वाटते.

मी तीन असेंब्ली उघडल्या, पिना मिसळल्या आणि काकांना समोर येईल ती बसवायला सांगितली. दोन बसल्या, तिसरी अर्ध्यावर अडली. मायक्रोमीटरवर ती 12.003 मिलिमीटर भरली. ड्रॉइंगवरची कमाल मर्यादा होती 11.994. पिन ज्या कड्यातून गेली तर कमाल मर्यादेत आहे असे मानतात, ती आमची 'गो' रिंग गेज झिजून सैल झाली होती, त्यामुळे जाड पिनाही तिच्यातून बिनबोभाट जात होत्या. त्या गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे तिचेच माप तपासून घेण्याची, तारीख उलटून गेली होती, आणि ती सांभाळणे माझेच काम होते.

मी मालकांना सगळे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी पाठवणी थांबवली आणि ग्राहकाला स्वतः फोन करून चार दिवसांची मुदत मागितली. नवी गेज आली, जाड पिना वेगळ्या काढून पुन्हा ग्राइंड केल्या. शेवटच्या दिवशी काकांनी ट्रेमधली हाताला लागली ती पिन उचलून भोकात सोडली. ती अंगठ्याच्या हलक्या दाबाने तळाला गेली. त्यांनी लगेच दुसरी उचलली.