तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स

गेल्या वर्षी मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडीनं दुसऱ्यातून तिसरा टाकला आणि इंजिन एकदम किंचाळलं. इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर, वेग मात्र तेवढाच. क्षणभरानं एक झटका, मग सगळं सुरळीत. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "चढ आहे." हेच उत्तर पुढचे दोन महिने मी स्वतःलाही देत राहिलो.

गाडी दहा वर्षांची, सहा गेअरची ऑटोमॅटिक सेडान, ९४ हजार किलोमीटर झालेली. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे क्लचच्या गाडीकडे परत जायचा विषयच नव्हता.

जुलैत रिव्हर्सनंही हात टेकले. सकाळी ठीक, पण गाडी तापली की आर टाकून दोन-तीन सेकंद नुसतं बसायचं, मग धप्पकन मागे. आमच्या वॉचमननं तर सल्लाच दिला, "साहेब, तोंड बाहेर करून लावत जा."

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पी०७०० असा कोड आला आणि "गेअरबॉक्स गेला" असा निकालही लगेच मिळाला. या कोडचा अर्थ एवढाच की गेअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे, आत जाऊन बघा. हे मला नंतर कळलं. खरी तक्रार वाचण्याची सोय त्या स्कॅनरमध्ये नव्हतीच. मोठ्या वर्कशॉपनं तर खोलायलाच नकार दिला. "आम्ही पूर्ण बदलतो." कोटेशन ३ लाख २० हजार. गाडीची बाजारातली किंमत जेमतेम तीन लाख!

मधल्या काळात मी घरी बॉनेट उघडून गेअर ऑईलची डिपस्टिक शोधत होतो. या गेअरबॉक्सला ती नसतेच. इंजिन चालू ठेवून, ऑईल ठरावीक तापमानाला आल्यावर, बाजूचा एक प्लग काढून पातळी बघायची असते. गाडीखाली जायची माझी तयारी गुडघ्यानं आधीच काढून घेतली होती.

शेवटी ओळखीतून भोसरीचे एक मिस्त्री मिळाले. फक्त ऑटोमॅटिक गेअरबॉक्सचंच काम करतात. त्यांचा पहिला प्रश्न, "तिसरा स्लिप मारतो. चौथा मारतो का?" मला सांगता येईना. मग ते लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसले आणि मला गाडी चालवायला लावली. चौथा घट्ट धरत होता, सहावाही. तिसरा आणि पाचवा घसरत होते. आता कोडही नीट आला, पी०७३३, म्हणजे तिसऱ्या गेअरचं गुणोत्तर जुळत नाही.

परत आल्यावर ब्रेक करकचून दाबून डीमध्ये ॲक्सिलरेटर दिला. काटा वाजवी ठिकाणी थांबला. आरमध्ये मात्र वर वर जात राहिला, म्हणजे तिथं पकड सुटत होती. "पाच सेकंदांच्या वर नाही हं, आत तेल उकळतं," म्हणत त्यांनी लगेच सोडायला लावलं. मग टेबलावर खडूनं तक्ता काढून दाखवला. आत क्लच प्लेटांचे मोजके गठ्ठे असतात आणि बहुतेक प्रत्येक गेअरला त्यातले दोन मिळून काम करतात. तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स या तिघांत एकच गठ्ठा सामाईक. वॉचमन आणि खंबाटकी घाट एकाच तक्रारीबद्दल बोलत होते तर.

तरी एक शंका होती. प्लेटा गेल्यात की सोलेनॉइडमुळे, म्हणजे ऑईलचं प्रेशर सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हमुळे, त्यांना प्रेशरच मिळत नाही? दुसरं असेल तर गेअरबॉक्स न उतरवता काम होतं. त्यांनी ऑईल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं. काळं, करपलेला वास. ट्रे उन्हात तिरपा केला तर चमचम, आणि तळाशी नखाच्या तुकड्यांएवढे धातूचे कपचे. "बारीक करडा गाळ असता तर वयोमान म्हटलं असतं. हे सोलेनॉइडमधून येत नाही."

आता पर्याय तीन. कुर्ल्याहून जुना गेअरबॉक्स आणायचा तर ६५ हजार, पण त्याच्या पोटात काय आहे ते कोण सांगणार? तशीच विकायची तर दलाल १ लाख १० हजार देत होता. हाच खोलून दुरुस्त करायचा, म्हणजे ओव्हरहॉल, १ लाख २५ हजार. भावाचं मत होतं, विकून मोकळा हो. पण मनाजोगती नवी ऑटोमॅटिक घ्यायची तर पुन्हा हप्ते. मी ठरवलं की आणखी तीन वर्षं वापरणार असू तरच खोलायची. म्हणून आधी इंजिनचं कॉम्प्रेशन, एसी, सस्पेन्शन सगळं तपासून घेतलं. ते खराब निघालं असतं तर भावाचंच ऐकलं असतं.

घासाघीस मीही केली. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑईलमधून गेअरबॉक्सला देणारा भाग) जुनाच धुऊन लावा, १८ हजार वाचतील, म्हटलं. मिस्त्री म्हणाले, "मग दुसरीकडे न्या. त्यातला कचरा महिन्याभरात नव्या प्लेटांत येणार." ऑईल कूलरही धुतला.

खोलल्यावर त्या गठ्ठ्यातली नागमोडी स्टीलची चकती तीन तुकड्यांत निघाली. प्लेटा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून ती स्प्रिंगसारखी दाबली जाते. माझ्या चालवण्यानं ती तुटली नव्हती, पण तुटल्यावर मी दोन महिने प्लेटा जाळल्या आणि कचरा सगळीकडे फिरवला. "मेमध्ये आणली असती तर निम्म्यात भागलं असतं," एवढंच ते म्हणाले.

अकरा दिवसांनी गाडी मिळाली. पहिले दोनशे किलोमीटर गेअर पडताना थोडे झटके बसले, कारण कॉम्प्युटर नव्या प्लेटांची सवय करून घेत होता. हजार किलोमीटरवर ऑईल पुन्हा बदललं. परवा त्या दलालाचा फोन आला, म्हणून त्याला कौतुकानं ओव्हरहॉलची पावती पाठवली. म्हणाला, "अरेरे, गेअरबॉक्स खोललेली गाडी? मग वीस हजार कमी होणार, साहेब."