मृत पिक्सेलचा नकाशा मागून घ्या

छातीचा एक्स-रे काढण्यासाठी वापरले जाणारे ४३ × ४३ सेंटिमीटरचे डिजिटल पॅनेल १३९ मायक्रॉनच्या पिक्सेलचे असेल, तर त्यावर सुमारे ९५ लाख पिक्सेल बसतात. थॅलियम मिसळलेल्या सिझियम आयोडाइडच्या सुईसारख्या स्फटिकांचा एक थर क्ष-किरण शोषून त्यांचा प्रकाश करतो. त्याखालच्या अस्फटिकी सिलिकॉनच्या थरावर प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशाचा विद्युतभार करणारा एक फोटोडायोड आणि तो भार वाचू देणारा एक ट्रान्झिस्टर असतो, आणि साठलेला विद्युतभार ओळीमागून ओळ असा वाचला जातो. इतक्या संख्येने बनवलेल्या घटकांतील प्रत्येक घटक निर्दोष असेल अशी अपेक्षा कोणताही उत्पादक ठेवत नाही. कारखान्यातून निघतानाच पॅनेलसोबत सदोष पिक्सेलचा एक नकाशा येतो आणि पुढे पॅनेलचे वय वाढत जाते तसा तो नकाशाही वाढत जातो. रुग्णालयांतील प्रतिमायंत्रांच्या गुणवत्ता चाचण्या करताना मला सातत्याने जाणवत आले आहे, की यंत्राबद्दल इतके काही सांगणारा हा दस्तऐवज बहुतेक ठिकाणी कोणी पाहिलेलाच नसतो.

पॅनेलवरून आलेली कच्ची प्रतिमा डॉक्टरांच्या पडद्यावर पोहोचण्यापूर्वी तिच्यावर तीन दुरुस्त्या होतात. क्ष-किरण नसतानाही प्रत्येक पिक्सेल थोडासा संकेत देतो, तो पहिल्या दुरुस्तीत वजा केला जातो. क्ष-किरणांचा सारखाच मारा झाला तरी दोन पिक्सेल सारखे उत्तर देत नाहीत, म्हणून दुसऱ्या दुरुस्तीत प्रत्येक पिक्सेलचे मूल्य त्याच्या स्वतःच्या गुणकाने समायोजित केले जाते आणि हे गुणक काढण्यासाठी संपूर्ण पॅनेलवर एकसमान मारा करून कॅलिब्रेशन करतात. तिसरी दुरुस्ती नकाशात नोंदलेल्या पिक्सेलची असते. कायम काळे राहिलेले, कायम उजळ राहिलेले, प्रत्येक वेळी वेगळेच मूल्य देणारे किंवा आधीच्या माऱ्याचा अंश धरून ठेवणारे हे पिक्सेल बाजूला काढले जातात आणि त्यांच्या जागी शेजाऱ्यांच्या मूल्यांवरून काढलेली सरासरी भरली जाते. रफू केलेले कापड लांबून अखंड दिसते, तशी ही प्रतिमाही अखंड दिसते. रफू वाईट नाही, त्यावाचून पॅनेल वापरताच येणार नाही. मात्र ते कोठे आणि किती आहे हे पॅनेल वापरणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, कारण त्या जागी रुग्णाच्या शरीरातून आलेली माहिती नसते.

छातीच्या एक्स-रेमध्ये १३९ मायक्रॉनचा एखादा एकटा पिक्सेल असा भरून काढला तर निदानात काही फरक पडत नाही, आणि त्याची चिंता करण्यात कोणी वेळ घालवू नये. प्रश्न उभा राहतो तो शेजारी शेजारी असलेल्या सदोष पिक्सेलच्या पुंजक्यांचा आणि संपूर्ण निकामी झालेल्या ओळींचा. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत तर हा प्रश्न फार गंभीर होतो. तेथील पिक्सेल यंत्रानुसार साधारण ७० ते १०० मायक्रॉनचे असतात आणि स्तनाच्या कर्करोगाची पहिली खूण ठरू शकणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. १०० मायक्रॉनच्या पॅनेलवर तीन गुणिले तीन पिक्सेलचा पुंजका सदोष झाला, तर ०.३ मिलिमीटर बाजूच्या चौकोनात यंत्र जे दाखवते ते आजूबाजूच्या ऊतींवरून केलेले अनुमान असते, आणि नेमक्या त्या जागी असलेला ०.२ मिलिमीटरचा कण प्रतिमेत येणारच नाही. याच्या उलटही घडते. नकाशात अद्याप न आलेला एखादा उजळ पिक्सेल कॅल्शियमच्या कणासारखा भासतो. तो ओळखण्याची खूण अशी, की रुग्ण बदलला तरी तो पडद्यावरची आपली जागा सोडत नाही. मॅमोग्राफीच्या टेक्निशियनला ही एक गोष्ट समजावून सांगितलेली असली, तर एखाद्या स्त्रीची अनावश्यक पुढील तपासणी टळू शकते.

स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांच्या २००६ सालच्या चौथ्या आवृत्तीत डिजिटल मॅमोग्राफीच्या एकसमानतेची चाचणी दिलेली आहे. ॲक्रिलिकच्या जाड ठोकळ्याची प्रतिमा घ्यायची, ती लहान लहान चौकोनांत विभागायची आणि कोणत्याही चौकोनातील सरासरी मूल्य संपूर्ण प्रतिमेच्या सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर नाही, याची खात्री करून घ्यायची. संकेत आणि गोंगाट (म्हणजे मूल्यांतील आपोआप होणारा चढउतार) यांच्या गुणोत्तरासाठीही तीच मर्यादा ठेवलेली आहे. ही चाचणी उपयुक्त आहे आणि ती करायलाच हवी. तथापि तिने जे सापडते ते मोठ्या क्षेत्रावरील दोष असतात. शेजाऱ्यांच्या सरासरीने भरलेला पिक्सेल या चाचणीत सहज उत्तीर्ण होतो, कारण त्याचे मूल्य सरासरीच्या सर्वांत जवळ असते.

अशा भरलेल्या पिक्सेलचा माग काढण्याचा एक मार्ग मात्र भौतिकशास्त्रच देते आणि मला तो फार मोलाचा वाटतो. एका पिक्सेलमध्ये सरासरी १०,००० क्ष-किरण कण नोंदले जात असतील, तर एका प्रतिमेपासून दुसऱ्या प्रतिमेपर्यंत त्या संख्येत सुमारे १०० चा चढउतार होणारच. हा गोंगाट जिवंत पिक्सेलचे लक्षण आहे. चार स्वतंत्र शेजाऱ्यांची सरासरी घेऊन जे मूल्य बनवले जाते त्यातील चढउतार निम्म्यावर येतो, म्हणजे नकाशातील पिक्सेल आपल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त शांत असतो. सिझियम आयोडाइडमध्ये प्रकाश थोडा पसरतो आणि त्यामुळे शेजाऱ्यांचे गोंगाट एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, म्हणून तेथे ही घट निम्म्याइतकी होत नाही. अस्फटिकी सेलेनियमच्या पॅनेलमध्ये क्ष-किरणांपासून थेट विद्युतभार तयार होतो, मध्ये प्रकाशाचा टप्पाच नसतो, आणि तेथे ही शांतता अधिक ठळक दिसते.

प्रत्येक पिक्सेलचा चढउतार विश्वासाने मोजायचा तर पन्नासएक प्रतिमा घ्याव्या लागतात, कारण तेवढ्या प्रतिमांनंतर कोठे त्या मोजणीतील अनिश्चितता दहा टक्क्यांवर येते. गर्दीच्या विभागात इतका वेळ क्वचितच मिळतो. त्यापेक्षा सोपा प्रश्न असा विचारता येतो, की या पिक्सेलचे मूल्य आणि त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी यांत एका एककापेक्षा जास्त फरक आहे का. वर सांगितलेल्या गोंगाटात हे दोन आकडे योगायोगाने जुळण्याची शक्यता शंभरात एक इतकी असते. चार वेगवेगळ्या प्रतिमांत ते सलग जुळण्याची शक्यता दहा कोटींत एक इतकी खाली येते आणि संपूर्ण पॅनेलवर तर ९५ लाखच पिक्सेल आहेत. म्हणून चारही प्रतिमांत तंतोतंत सरासरीवर बसलेला पिक्सेल हा सरासरीनेच बनवलेला असतो. उत्पादकाची भरण्याची पद्धत याहून गुंतागुंतीची असेल किंवा दोष पुंजक्यात असेल, तर शेजारी बदलून हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेल्या इमेजजे या मोफत प्रणालीत ही आकडेमोड करता येते. तिच्यासाठी महागडे उपकरण लागत नाही.

यासाठी प्रतिमा कोणती घ्यायची, याची काळजी मात्र घ्यावी लागते. डॉक्टरांना दिसणारी प्रतिमा कडा उठावदार करून आणि गोंगाट दाबून सजवलेली असते आणि तिच्यावर असली मोजणी निरर्थक ठरते. दुरुस्त्या झालेल्या पण सजावट न झालेल्या प्रतिमेची फाईल यंत्रातून वेगळी काढता येते. ती काढण्याची मुभा सर्व्हिस इंजिनिअरच्या पासवर्डमागे ठेवलेली असेल, तर ती रुग्णालयाने लेखी मागावी. सामान्य रेडिओग्राफीच्या पॅनेलसाठी ७० किलोव्होल्टच्या आसपास, क्ष-किरण सोडणाऱ्या ट्यूबच्या तोंडाशी २१ मिलिमीटर ॲल्युमिनियम लावून, पॅनेलवर काहीही न ठेवता प्रतिमा घ्यावी. हा किरणपुंज आंतरराष्ट्रीय मानकात डिटेक्टरच्या, म्हणजे क्ष-किरण टिपणाऱ्या भागाच्या मोजणीसाठीच निश्चित केलेला आहे.

कॅलिब्रेशनच्या वेळी होणाऱ्या एका घोटाळ्याविषयी येथे लिहिलेच पाहिजे. गुणक काढताना ट्यूबच्या झाकणावर किंवा पॅनेलच्या पृष्ठभागावर बेरियमचा अथवा आयोडीनयुक्त द्रवाचा वाळलेला थेंब असेल, तर त्याखालचे पिक्सेल मंद आहेत अशी समजूत यंत्र करून घेते आणि त्यांचे गुणक वाढवून ठेवते. पुढे कोणी तो थेंब पुसला, की प्रत्येक रुग्णाच्या प्रतिमेत त्याच जागी उलट्या छटेचा डाग उमटू लागतो आणि नवे कॅलिब्रेशन होईपर्यंत तो जात नाही. पॅनेलमध्ये काहीच बिघडलेले नसते, तरी ते बदलण्याची भाषा सुरू होते. म्हणून कॅलिब्रेशनच्या आधी ओल्या फडक्याने पुसून, ट्यूबच्या तोंडाशी प्रकाश टाकून पाहावे. कॅलिब्रेशन ट्यूबपासून ज्या अंतरावर केले त्याची नोंदही ठेवावी, कारण ट्यूबच्या ॲनोडकडील (धन टोकाकडील) बाजूचा किरणपुंज मुळात क्षीण असतो, हा फरकही गुणकांत मुरतो, आणि १०० सेंटिमीटरवर काढलेले गुणक १८० सेंटिमीटरवर तंतोतंत लागू पडत नाहीत.

सी.टी. स्कॅनमध्ये दोष स्वतःहून समोर येतो. तिसऱ्या पिढीच्या रचनेत ट्यूब आणि डिटेक्टर एकत्र फिरतात, त्यामुळे एखादा घटक केंद्रापासून ठराविक अंतरावरूनच जाणारे किरण पूर्ण फेरीभर पाहत राहतो आणि त्याची चूक प्रतिमेत एका वर्तुळाच्या रूपाने उमटते. वर्तुळाच्या त्रिज्येवरून दोषी घटक शोधता येतो. स्रोतापासून परिभ्रमणाच्या केंद्रापर्यंतचे अंतर ५७० मिलिमीटर असेल, तर मधल्या किरणापासून एक अंशावर असलेल्या घटकाचे वर्तुळ जवळजवळ १० मिलिमीटर त्रिज्येचे येते. केंद्राजवळची वर्तुळे सर्वांत ठळक असतात, आणि मेंदूच्या तपासणीत केंद्राशी असलेला लहानसा ठिपका विकृतीसारखा वाटू शकतो. या पिढीच्या जुन्या यंत्रांत झेनॉन वायूचे डिटेक्टर वापरले जात, त्यामागे एक सुंदर कारण होते. सगळ्या कप्प्यांत तोच वायू त्याच दाबाखाली असल्याने शेजाऱ्यांची उत्तरे आपोआप जुळत. घन डिटेक्टर क्ष-किरण पुष्कळ अधिक प्रमाणात शोषतात, पण ही जुळणी त्यांना रोजच्या हवेच्या (यंत्रात काहीही न ठेवता केलेल्या) कॅलिब्रेशनने करून द्यावी लागते. सकाळचे ते कॅलिब्रेशन आणि त्यानंतर पाण्याच्या फँटमची (रुग्णाच्या जागी ठेवायच्या पाणी भरलेल्या चाचणी-वस्तूची) प्रतिमा कितीही घाई असली तरी टाळू नये. आता वर्तुळे पुसणारी संगणकीय दुरुस्तीही यंत्रात आलेली आहे, म्हणून फँटमची एक प्रतिमा ती दुरुस्ती बंद ठेवून पाहण्याची सोय असेल, तर ती अवश्य वापरावी.

आपल्याकडच्या हवेचाही या साऱ्याशी थेट संबंध आहे. सिझियम आयोडाइड आर्द्रता शोषून घेते, म्हणून त्याचा थर बंदिस्त केलेला असतो, आणि पॅनेल पडून ते आवरण सूक्ष्म तडकले तर कोकणातल्या पावसाळ्यात दोष वाढायला वेळ लागत नाही. अस्फटिकी सेलेनियम उष्णतेने स्फटिकरूप घेऊ लागते आणि तसे झालेले ठिकाण कायमचे निकामी होते. विदर्भातील मे महिन्यात रात्री वीज गेली आणि मॅमोग्राफीच्या खोलीचे वातानुकूलन बंद पडले, तर दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होते, प्रतिमाही स्वच्छ दिसतात आणि नवे पुंजके हळूहळू नकाशात जमा होत राहतात. खोलीतील तापमानाची नोंद रात्रीचीही असावी, ती याकरता.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार निदानासाठीच्या क्ष-किरण यंत्रांची गुणवत्ता चाचणी किमान दोन वर्षांतून एकदा व्हावी लागते. ट्यूबचा व्होल्टेज, वेळ, किरणांच्या मात्रेतील सातत्य, किरणांची गळती या गोष्टींसाठी ते अंतर समजण्यासारखे आहे. परंतु खोलीतून अतिदक्षता विभागात आणि तेथून शस्त्रक्रियागृहात रोज हिंडणाऱ्या बिनतारी पॅनेलसाठी दोन वर्षे हा फार दीर्घ काळ आहे. माझा आग्रह असा, की नवे यंत्र ताब्यात घेताना होणाऱ्या स्वीकृती चाचणीच्या दिवशीच सदोष पिक्सेलचा नकाशा फाईलच्या स्वरूपात रुग्णालयाच्या ताब्यात यावा, आणि एकूण किती सदोष पिक्सेल, किती ओळी आणि केवढा पुंजका झाल्यावर पॅनेल बदलून मिळेल, ही मर्यादा खरेदीच्या करारातच लिहिलेली असावी. मर्यादा लिहिलेली नसेल, तर पुढे वाद होतो तेव्हा प्रतिमा स्वच्छ दिसते आहे हेच उत्तर मिळते. देखभालीच्या प्रत्येक भेटीनंतर इंजिनिअरकडून नवा नकाशा घ्यावा आणि पॅनेलच्या अनुक्रमांकासह, तारखेसह वहीत तीन आकडे उतरवून ठेवावेत: एकूण संख्या, सर्वांत मोठा पुंजका आणि निकामी ओळी. एकाच विभागात दोन पॅनेल असतील तर दोन पाने करावीत, कारण नकाशा त्या त्या पॅनेलचा असतो.