मुलीच्या फिट्सची जेनेटिक टेस्ट आणि अर्धवट रिपोर्ट : माझा अनुभव

ज्यांच्या मुलांना एपिलेप्सीसाठी (वारंवार फिट्स येण्याचा आजार) जीन पॅनल, म्हणजे एकाच रक्तात अनेक जीन्स तपासायची टेस्ट, सांगितलंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मुलीला पहिली फिट सहा महिन्यांची असताना तापात आली आणि लवकर थांबेचना. मग ताप नसतानाही यायला लागल्या, कधी उजव्या अंगाला कधी डाव्या, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर तर हमखास. एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नॉर्मल. डॉक्टरांना द्रावे सिंड्रोमची, म्हणजे लहानपणीच सुरू होणाऱ्या एका गंभीर जेनेटिक एपिलेप्सीची, शंका आली, पॅनल केलं, रक्त दिलं, रिपोर्ट आला. इथपर्यंत सगळं सुरळीत.

रिपोर्टमध्ये एससीएन१ए जीनमध्ये एक बदल सापडल्याचं लिहिलेलं आणि पुढच्या रकान्यात तीन अक्षरं, व्हीयूएस. म्हणजे बदल आहे, पण आजार त्याच्यामुळेच आहे का ते सांगता येत नाही. खाली बारीक अक्षरात, आईवडिलांची तपासणी केल्यास अर्थ लावायला मदत होईल. अहो मग आमचं रक्त तेव्हाच का नाही घेतलं, आम्ही दोघं तिथेच तर बसलो होतो!

आमचे सॅम्पल द्यायला गेलो तर काउंटरवर विचारतात पेशंट कोण, लक्षणं काय. आम्हाला लक्षणं नाहीतच, आम्ही मुलीच्या रिपोर्टशी ताडून बघायला आलोय, हे सांगितलं तर म्हणे सिस्टीममध्ये असा ऑप्शन नाही, मेल करा. मेलला उत्तर आलं, काउंटरवर भेटा. फोन केला की रिपोर्ट नंबर विचारायचे आणि होल्डवर टाकायचे. इकडे पोरीला ताप आला की आम्ही रात्रभर तिच्या उशाशी, फिट थांबवायचा मिडाझोलामचा स्प्रे हाताशी ठेवून, आणि औषध बदलायचा निर्णय त्या एका रकान्यासाठी अडलेला. आजही आठवलं तरी डोकं तापतं.

सुटलं ते जेनेटिक कौन्सिलरमुळे, म्हणजे असे रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञामुळे. तिने मुलीच्या मूळ फॉर्मची कॉपी मागवली, तर लक्षणांच्या जागी लॅबच्या माणसाने एकच शब्द लिहिलेला, फिट्स. बदलाचा अर्थ लावताना लॅब लक्षणंही बघते, मग एवढ्यावर काय कळणार? डॉक्टरांनी पानभर पत्र दिलं, पहिली फिट कधी, किती वेळ, कुठली बाजू, ताप, गरम पाणी, सगळं. कौन्सिलरने ते आमच्या फॉर्मला जोडलं, मुलीचा रिपोर्ट नंबर वर ठळक लिहिला, आणि सॅम्पल घेतले गेले.

आमच्या दोघांच्या रक्तात तो बदल नव्हता. म्हणजे तो मुलीत नव्याने झालेला, डी नोव्हो, आणि द्रावेमध्ये बहुतेक वेळा असंच असतं. हा मोठा पुरावा धरतात, म्हणून व्हीयूएसचं ‘लाइकली पॅथोजेनिक’, म्हणजे बहुधा आजार करणारा, झालं. हे कोणाकडून आलं हा घरातला प्रश्नही मिटला, मला तर रडूच आलं.

या जीनपासून मेंदूतल्या पेशींचं सोडियम चॅनल बनतं. द्रावेमध्ये मुख्यतः शांत करणाऱ्या पेशींचे चॅनल कमी पडतात, म्हणजे ब्रेकच ढिले. त्यात कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइनसारखी सोडियम चॅनल अडवणारी औषधं दिली तर फिट्स वाढू शकतात. तिला ऑक्सकार्बाझेपिन चालू होतं, डॉक्टरांनी ते हळूहळू काढून व्हॅलप्रोएट आणि क्लोबाझाम बसवलं. आता मोठ्या फिट्स बऱ्याच कमी आहेत. पण स्वतःहून गोळी बंद करू नका, कधीच नाही. आणि जीन वेगळा असेल तर औषधाचं गणितही वेगळं, केसीएनक्यू२ नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये बदल असेल तर बऱ्याचदा हीच सोडियमवाली औषधं उपयोगी पडतात.

तर पॅनल करताना तिघांचं रक्त एकदमच घेता येईल का ते आधी विचारा. फॉर्म जमा करण्याआधी लक्षणांचा रकाना स्वतः वाचा. फिटचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. जुना व्हीयूएस रिपोर्ट असेल तर काही काळाने पुन्हा तपासायला सांगा, माहिती वाढते तसा शेरा बदलू शकतो. आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आईवडिलांचा रिपोर्ट क्लिअर असला तरी कौन्सिलरशी बोला, कारण मोझेसिझममुळे, म्हणजे बदल आई किंवा वडिलांच्या शरीरातल्या फक्त काही पेशींत असला तर, तो रक्तात कधीकधी दिसत नाही आणि थोडी रिस्क उरते.