‘म्हणाला’ वाचता येईपर्यंत

माझी मुलगी पहिलीत, मराठी माध्यमात होती. दिवाळीपर्यंत तिची मुळाक्षरे आणि काना-मात्रा पक्क्या झाल्या, तरीही गोष्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत गाडी अडायचीच. ‘ससा’, ‘कासव’ ती सहज वाचायची. पण ‘म्हणाला’ आले की, ‘‘हे जोडाक्षर आहे, बाईंनी अजून शिकवलं नाही,’’ असे सांगून पुस्तक मिटायची. तिचे म्हणणे खरेच होते. वर्गात जोडाक्षरे सर्वांत शेवटी यायची होती, आणि ‘म्हणून’, ‘त्याने’, ‘मध्ये’ हे शब्द मात्र पहिल्याच पानावर हजर असतात.

अमेरिकेत एडवर्ड डॉल्च या शिक्षणतज्ज्ञांनी १९३६ साली नामे वगळून, वारंवार येणाऱ्या आणि मुलांनी पाहताक्षणी ओळखावेत अशा २२० इंग्रजी शब्दांची यादी केली होती. मला एवढ्या मोठ्या यादीची गरज नव्हती. तिच्याच तीन पुस्तकांत पेन्सिलने खुणा करत गेले, तेव्हा सारखे भेटणारे चोवीस शब्द निघाले. ते मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि रोज दोन पत्ते दाखवू लागले.

पंधरा दिवसांत ती सगळे पत्ते धडाधड ओळखू लागली आणि मी खूश झाले. मग वर्तमानपत्रातल्या ‘नाही’वर बोट ठेवले, तर ती गप्प. चौकशी केल्यावर कळले, की त्या पत्त्याच्या मागच्या बाजूचा गणपती उजेडात आरपार दिसत असे आणि तो दिसला की ती ‘नाही’ म्हणत असे! पत्रिका बाद केल्या आणि तेच शब्द साध्या कागदावर, छोट्या वाक्यांतून लिहिले.

‘होता’, ‘होती’, ‘होते’ यांनी अधिक छळले, कारण ती ‘हो’ पाहून पुढचे अंदाजाने ठोकून द्यायची. ‘राजा होता, राणी होती, घर होते’ असे लिहून मी तिला शेवटच्या अक्षरावर बोट ठेवायला लावले. ती ‘राणी होता’ असे वाचून गेली, स्वतःच हसली आणि मागे वळली. तिथे माझ्या शिकवण्यापेक्षा तिचा कानच जास्त उपयोगी पडला. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतल्या ‘झ’चे दोन उच्चारही तिने कानावरूनच सोडवले.

फेब्रुवारीत डेअरीसमोर उभे असताना तिने ‘म्हशीचे दूध’ ही पाटी वाचली आणि विचारले, ‘‘आई, हे ‘म्हणाला’तलंच म्ह ना?’’