सोलापुरात राहून कॉपीरायटिंग : तुम्ही विचारलंत म्हणून

"सोलापुरात बसून तुम्हाला कॉपीरायटिंगची कामं मिळतात तरी कुठून? आणि दुसऱ्याचा माल खपावा म्हणून लिहायचं, त्यात समाधान कसलं?" हे दोन प्रश्न मला जोडीनेच विचारले जातात. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुली विचारतात, पुण्यातली नोकरी सोडून घरी परतलेली मुलं विचारतात. लेकीला हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून पुण्याला धाडायचं की इथेच ठेवायचं, या विचारात पडलेले आईवडीलही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्यापुरतं तरी दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडलं.

सुरुवात मी सगळे करतात तशीच केली. फ्रीलान्सिंगच्या वेबसाइटवर खातं काढलं, नमुने टाकले, कामं मिळाली. पैसे वेळेवर यायचे, हे मान्य करायलाच हवं. पण कधी न पाहिलेल्या गादीबद्दल, कधी न भेटलेल्या माणसासाठी, कधी न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला उद्देशून लिहायचं. मजकूर पाठवला की संपलं. गादी खपली का, माझ्या वाक्यामुळे कुणाला काही कळलं का, याचा पत्ताच नसायचा. ते काम वाईट नाही, घर चालवायला उपयोगी पडतं आणि आजही अधूनमधून मी घेते. पण त्यावर मन रमत नाही, आणि मन न रमता वर्षानुवर्षं लिहिणं मला जमणारं नव्हतं.

मला क्लायंट सापडले ते प्रिंटिंग प्रेसवर. हे सांगितलं की ऐकणाऱ्यांना नवल वाटतं, म्हणून नीट समजावते. आपल्याकडे धंदा करणारा माणूस 'मला लेखक पाहिजे' असं म्हणून घरातून निघत नाही. तो खोका छापायला निघतो, लेबल करायला निघतो, गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, स्टॉल लावायचा म्हणून फ्लेक्स काढायला निघतो. प्रेसवर डीटीपी करणारा, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवणारा मुलगा कॉम्प्युटरसमोर बसून विचारतो, "मालक, मजकूर?" आणि तिथे सगळं अडतं. मग मालक जुन्या बिलाच्या पाठीवर चार शब्द खरडतात, नाहीतर म्हणतात, "मागच्याचंच टाक की, फोन नंबर तेवढा बदल." शब्दांची गरज नेमकी त्या क्षणी उघडी पडते. त्या क्षणी तिथे तुम्ही असायला हवं, किंवा त्या मुलाला तुमचा नंबर तरी पाठ हवा.

मी नवी पेठेतल्या आणि आसपासच्या प्रेसवर जाऊन बसायला लागले. सुरुवातीला फक्त प्रुफं वाचून द्यायची. डीटीपीवाल्याचाही त्यात फायदा होता, कारण शुद्धलेखनाच्या चुकीने खोक्यांचा गठ्ठा परत आला की बोलणी त्यालाच बसतात. हळूहळू तोच म्हणायला लागला, "मजकुराचं मॅडमना विचारा." खोक्यांचं डिझाइन करणारे, दुकानांचे फोटो काढणारे आणि सीए, या तिघांशीही ओळख ठेवा. कोण नवीन माल काढतोय, कोण ऑनलाइन विक्रीत उतरतोय, हे या लोकांना आपल्या खूप आधी कळतं.

आता समाधानाकडे येते. त्यासाठी एका टॉवेलच्या कामाबद्दल सांगायला हवं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक कारखानदार टेरी टॉवेल बनवतात. माल बाहेरच्या व्यापाऱ्यांना जायचा. मग मुलाच्या आग्रहावरून त्यांनी स्वतःच्या नावाने ऑनलाइन विकायला सुरुवात केली आणि त्यासाठी माहिती लिहून हवी होती. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "टॉवेल टॉवेलच असतंय की ओ मॅडम. त्यात काय लिवणार तुम्ही?" माझ्यापुढे त्यांनी जुना मजकूर ठेवला. 'उत्कृष्ट दर्जा, आकर्षक रंग, १०० टक्के कॉटन.' हे शब्द या गावातल्या प्रत्येक टॉवेलवर छापलेले आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ते शिरतच नाहीत.

मी विचारलं, लोक तक्रार काय करतात? आधी ते गप्प झाले. मग ऑर्डरी पाहणाऱ्या मुलाने सांगितलं : नवीन टॉवेल पाणी टिपत नाही म्हणतात, पहिल्या धुण्यात तंतू सुटतात म्हणतात, आणि एखादा दोरा बाहेर आला की टॉवेल उसवायला लागला असं समजून फोटो पाठवतात. मग मालक मला मागावर घेऊन गेले. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात. एक घट्ट ताणलेला, तो कापडाचं अंग धरतो. दुसरा सैल सोडलेला, त्याचे वेढे वर उठतात. पाणी टिपतात ते हे वेढे. मालकांनी एक वेढा चिमटीत धरून ओढून दाखवला, तो शेजारच्या वेढ्यातून सरकत लांब झाला. मग खिशातून कात्री काढून त्यांनी तो मुळाशी कापला आणि टॉवेल जोरात झटकला. काही उसवलं नाही. "ओढायचं नस्तंय, कापायचं," ते म्हणाले. "हे आमच्या कामगाराच्या पोरालाबी माहिताय."

गिऱ्हाइकाला मात्र माहीत नव्हतं. मी टॉवेलच्या घडीत ठेवायला एक छोटं कार्ड लिहिलं. 'वापरण्याआधी एकदा साध्या पाण्यात धुवा. नव्या टॉवेलवर कारखान्यातलं फिनिशिंग असतं, ते निघालं की पाणी नीट टिपलं जातं. पहिल्या काही धुण्यांत थोडे तंतू निघतील, मग थांबतील. कपडे मऊ करणारं लिक्विड वापरू नका, त्याने टॉवेलची पाणी शोषण्याची ताकद कमी होते. दोरा बाहेर आला तर ओढू नका, कात्रीने कापा. टॉवेल उसवणार नाही.' ऑनलाइन पानावरही 'उत्कृष्ट दर्जा' काढून जीएसएम लिहिलं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. रोज धुवून लवकर वाळायला हवा असेल तर हलका टॉवेल घ्या, अंगाला जाड आणि मऊ हवा असेल तर भारी घ्या, पण पावसाळ्यात तो वाळायला वेळ लागेल, असं सरळ सांगितलं. मालकांना आधी ते पटलं नाही. आपणच आपल्या मालाचा दोष कशाला सांगायचा? पण गिऱ्हाईक ते वाचून आपल्या गरजेचा टॉवेल निवडायला लागलं आणि दोऱ्याचे फोटो येणं जवळपास थांबलं. पुढे एकदा त्यांच्या दुकानात गेले, तर काउंटरवरचा मुलगा एका बाईंना सांगत होता, "ताई, ओढू नका, कात्रीने कापा, उसवणार नाही." तो माझ्याकडे बघतही नव्हता. ते वाक्य आता त्याचं झालं होतं.

तुम्ही विचारता ते समाधान हे. मालकाला ठाऊक असलेली आणि गिऱ्हाइकाला हवी असलेली गोष्ट दोघांच्या मधे अडकून पडलेली असते, ती मोकळी करायची. आणि हे काम वेबसाइटवरून दूरच्या कंपनीसाठी करता येत नाही, कारण तिथे तुम्हाला मागावर कुणी नेत नाही. इथे रिक्षाने पंधरा मिनिटांत पोहोचता येतं.

सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे, जी मोठ्या शहरातल्या एजन्सीला पटकन उमगत नाही. इथे मालक घरी तेलुगू बोलतो, कामगाराशी मराठी, व्यापाऱ्याशी हिंदी, आणि त्याचं बरंच गिऱ्हाईक कन्नड बोलणारं असतं. मराठीत लिहिलेलं वाक्य तसंच्या तसं उचलून कन्नडमध्ये टाकलं की ते पांगळं होतं. म्हणून तेलुगू आणि कन्नडसाठी मी त्या त्या भाषेत लिहिणाऱ्यांना सोबत घेते. त्यांना मराठी मजकूर देत नाही. काय सांगायचंय ते बोलून सांगते आणि त्यांचे पैसे बिलात वेगळे दाखवते.

पैशांबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, कारण चांगलं लिहिणारी माणसं इथेच खचून हे काम सोडतात. "शब्दाला किती घेता?" असं विचारलं तर मी शब्दावर भाव सांगत नाही. वर सांगितलेल्या कार्डात शब्द मोजकेच आहेत, पण त्यामागे कारखान्यातला अर्धा दिवस आहे. मी कामाचा आकडा सांगते, निम्मे पैसे आधी घेते आणि किती वेळा दुरुस्ती करून देईन हे लिहून देते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२४ च्या एप्रिलपासून आयकराचा नियमही कडक झाला आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च धंद्याच्या हिशेबात प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम नंबर ठळक टाका. मार्च महिन्यात मालकांचे सीएच तुमच्या वतीने आठवण करतात. मला कधी कुणावर व्याज लावायची वेळ आली नाही, पण बिलावरच्या त्या एका ओळीने बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे.

हंगाम लक्षात ठेवा. चादरी-टॉवेलांना दिवाळी आणि लग्नसराई. गणवेशवाल्यांना शाळा जूनमध्ये उघडत असल्या तरी माहितीपत्रकं कितीतरी आधी लागतात. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, त्यामुळे होम मैदानावर स्टॉल लावणाऱ्यांची धावपळ डिसेंबरात. आपण त्यांच्या धावपळीच्या आधी जायचं.

काही कामांना नाही म्हणावं लागतं आणि तेही समाधानाचाच भाग आहे. एका काढ्याच्या बाटलीवर 'मधुमेह मुळापासून बरा' असं लिहून हवं होतं. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा अशा दाव्याला मनाई करतो. मधुमेह त्या यादीत आहे. पण कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. माझ्या घरात मधुमेह आहे. असलं वाक्य वाचून गोळ्या बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. रक्कम चांगली होती. मी उठून आले.

याच्या उलट एका बचत गटाच्या शेंगा चटणीचं काम. लेबलवर आधी 'उखळात कुटलेली' असं होतं. मी विचारलं, "काकू, उखळ कुठाय?" त्या म्हणाल्या, "आता कांडप यंत्र घेतलंय की गं, हात किती चालवायचे?" मग उखळ काढून टाकलं आणि 'तेल सुटेपर्यंत कांडलेली' असं लिहिलं. ते खरं होतं आणि सोलापूरच्या माणसाला चटणीत नेमकं तेच पाहायचं असतं. खाली शेंगदाण्याच्या ॲलर्जीची सूचनाही घातली, कारण ती कायद्याने लागतेच. काकू म्हणाल्या, "शेंगा चटणीत शेंगा असतात हे काय सांगायचं?" पण चटणी आता बाहेरगावी जाते, आणि हे पाकीट कुणाच्या मुलाच्या हातात पडेल ते आपल्याला दिसत नाही, असं म्हटल्यावर त्यांनी ती ओळ मोठ्या अक्षरांत घ्यायला लावली.

"आता तर मोबाइल फुकटात लिहून देतो, मग तुमचं काय?" हेही विचारतात. 'उत्कृष्ट दर्जा, आकर्षक रंग' हे मोबाइल झकास लिहितो, आणि तेवढंच हवं असेल तर मालकांनी माझ्यावर खर्च करू नये, असं मी त्यांना स्वतः सांगते. पण गिऱ्हाईक कशावरून रागावतं हे काउंटरवरच्या मुलाला विचारायला कुणीतरी जावं लागतं. दोरा ओढून, कापून बघावा लागतो. कांडप यंत्र आहे की उखळ, हे स्वयंपाकघरात जाऊन बघावं लागतं. माझी कामं त्यामुळे टिकून आहेत.

मध्यंतरी जुळे सोलापुरातली एक मुलगी आली होती. पुण्याला जाऊ की इथेच सुरू करू, हाच प्रश्न. मी तिला म्हटलं, घरातलं कुठलंही सोलापुरी पाकीट घे, त्यावरचा सगळा मजकूर वाच आणि तुला जे विचारावंसं वाटेल ते लिहून आण. तिने पापडाचं पाकीट निवडलं. तिच्या यादीतला पहिलाच प्रश्न होता, "पापड किती महिने टिकतो ते लिहिलंय, पण पाकीट फोडल्यावर तो ठेवायचा कशात आणि किती दिवस, हे का नाही लिहिलं?" दुसऱ्या दिवशी मी तिला प्रेसवर घेऊन गेले आणि डीटीपीवाल्याला तिचा नंबर दिला.