पुरातली बार्बी: कान अजून हिरवाच

डोकं निघालं. तीन मिनिटं गरम पाण्यात धरलं, पुसलं, मग घाई न करता डावीकडे-उजवीकडे हलवत ओढलं. आतली खुंटी शाबूत आहे. जुन्या बार्बीचं डोकं कोरडं असताना हिसकलं तर ही खुंटी मोडते आणि मग बाईची मान आयुष्यभर डुगडुगते. मला भीती तेवढीच होती. डोकं उलटं केल्यावर चमचाभर काळा गाळ वाटीत पडला. कृष्णेचा, ऑगस्ट २०१९ चा.

आमचं माहेर सांगलीत हरभट रोडला, तळमजल्यावर. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात माझ्या बाहुल्यांची पिशवी होती. पाणी ओसरल्यावर आईनं आधी भांडी धुतली, मग अंथरुणं, मग कागदपत्रं वाळवली; बाहुल्या बादलीत एकदा खळबळून पोटमाळ्यावर गेल्या. बरोबरच होतं तिचं. मी विश्रामबागेत आमच्या कोरड्या घरात बसून बाहुल्यांची चौकशी केली असती तर तिनं फोनच ठेवला असता.

पिशवीत चार निघाल्या. तिघी जत्रेतल्या, पोकळ प्लास्टिकच्या, गुडघे न वाकणाऱ्या. त्यातल्या एकीला पायच नाही. चौथी ही खरी. १९९४ ची दिवाळी, बाबांचा बोनस, कापड पेठेतलं दुकान, गुलाबी डबा आणि त्यावर लिओ मॅटेल, तेव्हा भारतात बार्बी विकणाऱ्या कंपनीचं नाव. डबा मी दुसऱ्या दिवशी तिचं कपाट करायला कापला. आता त्याचं वाईट वाटतं, पण कपाट झकास झालं होतं.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: 'पाठीवर १९६६ लिहिलंय, म्हणजे ६० वर्षांची आहे का, विकली तर किती येतील?' नाही हो. ते साल धडाच्या साच्याच्या हक्काचं आहे. कमरेत वळणारं धड १९६७ ला बाजारात आलं आणि तो शिक्का पुढे कित्येक वर्षं, कितीतरी देशांत तसाच उमटत राहिला. डोक्याच्या आत मानेच्या कडेला बॅटरी मारून पाहा, तिथे वेगळं साल असतं. माझ्या बार्बीत १९७६ आहे. हा सुपरस्टार चेहरा, जो १९७७ ला आला. म्हणजे जोतं ६६ चं, वरचा मजला ७६ चा आणि आम्ही राहायला गेलो ९४ ला. पेठेतले निम्मे वाडे असेच आहेत.

आपल्यापैकी नव्वदीत वाढलेल्यांना 'बार्बी' म्हटलं की हाच चेहरा आठवतो: दात दाखवून हसणारा, डोळे मोठे, गाल जरा जास्तच गुलाबी. १९५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात रूथ हँडलरनं आणलेली पहिली बार्बी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहायच्या कपड्यात तिरक्या नजरेनं बाजूला बघते. ती संग्रहात असावी असं सगळ्यांना वाटतं. मला वाटत नाही. ती माझ्याशी कधी बोललीच नाही. ही साडेअकरा इंची हसरी मात्र आमच्या अंगणात जेवलेली आहे.

जेवणावरून आजी आठवली. तिच्या लहानपणी ठकी होती, एकाच लाकडातून कोरलेली, हातपाय वेगळे नसलेली. त्यामुळे आजी बार्बीलाही ठकीच म्हणायची. भातुकलीत पंगत मांडली की बार्बीचे गुडघे टक-टक करून वाकायचे खरे, पण मांडी काही जमायची नाही, पाय समोर लांबच. आजी म्हणायची, "तुझ्या ठकीला वळण नाही. पाय पसरून बसते जेवायला." उभी केली तर सतत टाचा वर, त्यामुळे भिंतीला टेकवायची. त्यावर आजीचं म्हणणं, "हिला एक जोडी चपला घ्या म्हणजे दमेल तरी कमी."

हे सगळं पुढे बदललं, आणि मला या बाहुलीचा इतिहास आजीच्या तक्रारींच्या क्रमानंच लक्षात राहतो. २००० च्या सुमारास धडाला बेंबी आली, कंबर मऊ झाली, रोजच्या खेळातल्या बार्बीवरून जुना सुपरस्टार चेहरा मागे पडला. २०१५ मध्ये फॅशनिस्टाज या मालिकेतल्या बार्बीचा घोटा वाकू लागला, म्हणजे सपाट चपला आल्या. त्याच वर्षी २२ सांध्यांची मेड टू मूव्ह आली. ती चक्क मांडीच्या जवळपास काहीतरी घालते. २०१६ ला उंच, ठेंगणी आणि भरलेल्या अंगाची अशा तीन नव्या बांध्यांच्या आल्या. भरलेल्या बांध्याचं मला मनापासून कौतुक आहे, पण जुनं एकही झंपर तिला होत नाही. सहा झंपरांची शिवण उसवून बसले आहे.

साहजिकच सल्ला आला की हे डोकं मेड टू मूव्हच्या धडावर बसव. मी एक आणून शेजारी धरून पाहिलं. नव्वदीतल्या या डोक्याचा रंग पिवळसर गुलाबी, नव्या धडाचा वेगळा. मानेपाशी रेघ स्पष्ट दिसते. रंग जुळवणारे लोक आहेत, हात बसलेले. पण मला ही मांडी घालून बसलेली बघायची नाही असं त्या दिवशी कळलं. नवं धड परत डब्यात गेलं.

आता काम कुठवर आलं ते.

केस: पहिला रविवार नुसत्या गुंत्यात गेला. साधा शाम्पू, मग कपड्यांच्या कंडिशनरमध्ये रात्रभर बुडवून. मग बारीक स्टीलचा कंगवा, नेहमी टोकाकडून मुळाकडे, बोटभर बोटभर. वरून खेचलात तर केस मुळातून उपटून येतात. उकळतं पाणी मी वापरलं नाही. अलीकडच्या काही बाहुल्यांना पॉलिप्रोपिलीनचे केस असतात, कोरडे आणि हलके. ते जास्त उष्णतेनं कायमचे बिघडतात, त्यामुळे धागा नक्की कळेपर्यंत हात आखडताच ठेवलेला बरा. आणि दोन हजारनंतरच्या काहींच्या डोक्यात आतून गोंद असतो, तो वर्षांनुवर्षं केसांत झिरपत राहतो. कितीही धुवा, दोन आठवड्यांत तेल थापल्यासारखं दिसतं. त्या मानानं माझीवर नशिबानं फक्त चिखलच होता.

धड: दोन्ही पाय काढून गाळ धुतला, पंख्याखाली तीन दिवस वाळवलं. हलवल्यावर आत अजून एक खडा वाजतो. तो राहू दे. डावा गुडघा टक म्हणत नाही, नुसता वाकतो. पोटावरचा डाग पुसायला मी नेलपॉलिश रिमूव्हर लावलं, आणि हे तुम्ही अजिबात करू नका. ॲसिटोननं कडक प्लास्टिक विरघळतं. आता तिथे नखाएवढा खरबरीत भाग आहे. साडीखाली जाईल म्हणून गप्प बसले.

कान: इथेच अडलंय. मूळ कुडी धातूची. तिच्यातल्या तांब्याचा आणि मऊ प्लास्टिकमधल्या तेलकट द्रव्याचा संयोग होऊन कानाभोवती हिरवा डाग पडतो. पुरात पाच दिवस बुडाल्यावर तो गालापर्यंत पोचला. मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम डागावरच लावायचं, वर क्लिंग फिल्म, आणि उन्हात. मी रोज सकाळी गच्चीत कुरडयांच्या ताटाशेजारी डोकं ठेवते. शेजारच्या काकूंनी विचारायचं सोडलंय. बारा दिवसांत गर्द हिरवा जाऊन फिकट पोपटी झालाय. पण मलम भोवतालचाही रंग उडवतं, कानाची पाळी जरा पांढुरकी पडली. आता एक दिवसाआड.

आणि कपाळावरची निळी टिकली. बॉलपेनची. शाई प्लास्टिकच्या आत उतरलेली, घासून निघत नाही. तेच मलम तिच्यावर चालतं, म्हणून मी तोही डाग यादीत घेतला होता. माझी आतापर्यंत खात्री होती की हा उद्योग मामेबहिणीचा. चौथीत असताना आम्ही त्यावरून दोन महिने बोलत नव्हतो. परवा आई आली, गच्चीतलं डोकं हातात घेतलं आणि म्हणाली, "अगं, हे मी केलं होतं. लग्न लावायचं होतं ना तुम्हाला, बाहुला वरच्या आळीतून येणार होता. कुंकू नसलेली नवरी मी कशी उभी करणार? कुंकू लावलं तर पुसलं जात होतं, मग तुझ्या दप्तरातला पेन घेतला."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दोघी भांडत होतात, घर शांत होतं."

मामेबहिणीला फोन केला. ती मिरजेला असते. आधी हसली, मग म्हणाली की दोन महिन्यांचे डबे तुझ्याकडून वसूल करणार. टिकलीवर मलम लावायचं की नाही हे तिनं ठरवायचं असं म्हटलं, तर म्हणते, विचार करून सांगते.

आईनं घरून जुन्या खणांचे तुकडे धाडलेत. एक जांभळा, एक आंबा रंगाचा. साडेअकरा इंचाला नऊवारी नेसवायची तर काठ किती अरुंद घ्यायचा यावर कुणी हात बसवला असेल तर सांगा. मी काल पाऊण इंचाचा घेतला, निऱ्या घोळदार येण्याऐवजी ताठ उभ्याच राहिल्या.